साहेबांची कुजबूज

साहेबांचा आवाज हा साहेबांचा दोष नव्हता, वखारीचा होता. त्यांचं लहानपण लाकडाच्या वखारीवरच्या माडीत गेलं. खाली सकाळी करवत सुरू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत ओंडके चिरत राहायची, आणि वर घरातली माणसं तिच्यावर आवाज चढवून संसार करायची. आई नुसतं मीठ मागायची तेही घराला आग लागल्यासारखं. नवख्या पाहुण्याला वाटायचं, आपण नेमके भांडणाच्या वेळी आलो. तो बिचारा चहा न घेताच उठायचा. सुट्टीच्या दिवशी करवत बंद असली तरी घरातलं बोलणं काही खाली यायचं नाही. अंगात मुरलेली गोष्ट, सुट्टीबिट्टी पाळत नाही.

दोघा भावांपैकी धाकट्यानं यातून लवकर वाट काढली. तो वडिलांच्या हाताखाली वखारीत उतरला आणि कामगारांसारखा हातवाऱ्यांनी बोलायला शिकला. थोरल्याला मात्र फळ्या रचण्यापेक्षा फळ्यांवर चढून भाषण करण्यात जास्त रस. अशा मुलाचं काय करायचं याचा वडिलांनी फार विचार केला नाही. ते म्हणाले, याला वकील करू. खाली लाकूड बघत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळे त्याला वकीलसाहेब म्हणू लागले. तेव्हा साहेबांना जेमतेम मिसरूड फुटलं होतं.

पुढे खरोखरच वकील झाल्यावर ते एका मुरलेल्या वकिलांकडे उमेदवारीला लागले. अरुंद जिना, जिन्याच्या टोकाला दोन खोल्या, भिंतीला लागून कायद्याची पुस्तकं आणि त्यांच्यावर ठेवलेले सीनियरांचे टिफिनचे डबे. पहिल्याच आठवड्यात सीनियरांनी साहेबांचं टेबल आतल्या खोलीतून जिन्याजवळ हलवलं. आत बसलेल्या पक्षकाराची भानगड बाहेर बाकावर बसलेल्यांना तोंडपाठ होऊ लागली होती. कोर्टाच्या बार रूममध्ये तर महिनाभरात त्यांचं नाव ‘भोंगा’ पडलं, आणि ते इतकं चपखल बसलं की एकदा शिपायानं पुकारा करतानाही तेच पुकारलं.

साहेबांनी पहिली केस स्वतंत्रपणे चालवली ती एका घड्याळजीची. त्याचं दुकान घरमालकाला रिकामं करून हवं होतं. घड्याळजी माणूस भला, पण त्यानं भाडं कधी आणि कुणाच्या हातात दिलं याचा ताळमेळ नीट बसत नव्हता. तो साक्षीच्या पिंजऱ्याकडे निघाला तेव्हा साहेबांनी त्याला बाहीला धरून थांबवलं आणि कानाशी लागून कुजबुजले, “तारीख विचारली तर आठवत नाही म्हणा.”

कुजबुजले म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. टायपिस्टनं ते वाक्य साक्षीतलंच समजून टाइप करून टाकलं. समोरचे वकील उठून उभे राहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले की, माझ्या विद्वान मित्रांनी माझं बरंचसं काम हलकं केलं आहे, त्यांचा मी आभारी आहे. घड्याळजी पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला, तारीख विचारण्याआधीच म्हणाला की आठवत नाही, आणि कोर्टात जो हशा पिकला तो व्हरांड्यातल्या लोकांनी डोकावून पाहावा इतका.

केस हरल्यावर सीनियरांनी साहेबांना चहा पाजला. म्हणाले, “हे बघ, या धंद्यात इकडचं तिकडं करायचं तर आवाज हळू लागतो. तुझ्याकडे तो नाही. तू आपला सरळच चाल.”

त्या दिवसापासून साहेब सरळ चालू लागले. दुसरा इलाजच नव्हता. व्हरांड्यातल्या खांबाआड इतर वकील हळूच तडजोडी करायचे. साहेबांची तडजोड सुरू झाली की सगळा व्हरांडा तिच्यात भाग घ्यायचा. ज्यांना काही झाकायचं होतं ते पक्षकार त्यांच्या जिन्याची पायरी चढेनात. उरले ते झाकण्यासारखं काहीच नसलेले: वर्गात पडून पाय मोडलेल्या शिक्षिका, शेजाऱ्याच्या गटाराचं पाणी सोसणारे, नोकरीवरून विनाकारण काढलेले. अशी माणसं बहुधा गरीब असतात, त्यामुळे साहेबांची प्रॅक्टिस वाढली पण अंगी लागली नाही. मात्र हळूहळू एक गंमत झाली. न्यायाधीश मंडळींच्या मनात बसलं की, भोंगा उभा आहे म्हणजे पक्षकाराकडे लपवण्यासारखं काही नसणार. साहेबांच्या पक्षकाराची उलटतपासणीसुद्धा समोरचे जरा आवरतीच घेऊ लागले.

लग्नाची गोष्टही अशीच उघड्यावर झाली. साहेबांना चष्मा लागला म्हणून ते चौकातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. दुकान वडिलांचं, पण नंबर तपासायला मुलगी बसायची. तिनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट करून वाचायला सांगितलं. साहेबांनी वाचायला सुरुवात केली आणि रस्त्यावरून जाणारे दोघेतिघे थबकले.

“मला डोळे तपासायचेत, कान नाहीत,” ती म्हणाली. “हळू वाचलंत तरी नंबर तोच येईल.”

आयुष्यात त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. चष्मा मिळाल्यावरही साहेबांच्या दुकानात खेपा सुरू राहिल्या. कधी दांडी टोचते, कधी काच धूसर दिसते. शेवटी एका दुपारी काउंटरवर वाकून, आवाज शक्य तितका खाली आणून त्यांनी विचारायचं ते विचारलं. दुकानात तेव्हा गिऱ्हाइकं होती. मुलगी कानापर्यंत लाल झाली. आरशासमोर फ्रेम लावून बघत असलेले एक म्हातारे गृहस्थ मागे न वळताच म्हणाले, “हो म्हणा बाई. माणूस लपवाछपवी करणारा दिसत नाही.” ती हो म्हणाली, पण ते म्हाताऱ्यांच्या सांगण्यावरून म्हटलेलं नाही, हे ती पुढे आयुष्यभर बजावत राहिली.

काही वर्षांनी न्यायाधीशाच्या जागेसाठी साहेबांचं नाव पुढे आलं. वकिलांच्या संघटनेत कुणाचंच कुणाबद्दल एकमत व्हायचं नाही, पण साहेबांच्या सचोटीबद्दल झालं. साहेब खुर्चीवर बसले आणि तिथं त्यांना कळलं की, या खुर्चीची पहिली अट गप्प बसणं ही आहे. ते गप्प बसायचे, पण जे काही तोंडातून सुटायचं ते वाईट सुटायचं. एका साक्षीदाराला त्यांनी साधं “बसा” म्हटलं तर तो खुर्ची सोडून तिथंच फरशीवर बसला. शेजाऱ्याचा जामीन राहायला आलेल्या एकाला त्यांनी नाव विचारलं, तर त्यानं घाबरून नावाबरोबर आपण बिनपरवाना गाडी चालवतो हेही सांगून टाकलं.

खरी अडचण चेंबरमध्ये होती. साहेब येरझाऱ्या घालत स्टेनोला निकाल सांगायचे आणि तो दाराबाहेर शब्दन् शब्द ऐकू यायचा. वकिलांना याचा पत्ता लागल्यावर चेंबरबाहेरच्या बाकावर जागा मिळेना. निकाल कोर्टात वाचला जायच्या आत हरणारे अपिलाच्या तयारीला लागलेले आणि जिंकणारे टॅक्सी करून घरी गेलेले. शेवटी मुख्य न्यायाधीशांनी साहेबांना बोलावून घेतलं, बसायला सांगितलं, आणि फार सौजन्यानं विचारलं की, तुमचे निकाल जाहीर करण्यासाठी आपण कोर्ट भरवतो ते चालू ठेवायचं की बंद करायचं? त्यानंतर साहेब निकाल हातानं लिहू लागले. अक्षर वाईट होतं. स्टेनो म्हणायचा, ऐकायला सोपं होतं.

मग त्यांच्यापुढे एका कामगार बाईचा दावा आला. कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात ती इस्त्रीच्या यंत्रावर काम करायची. यंत्राच्या गरम रुळात तिचा हात सापडला होता आणि बोटं कायमची आखडली होती. मालकाचं म्हणणं, तिनंच निष्काळजीपणानं हात घातला. बाईचा आवाज आधीच बारीक. साहेब म्हणाले, “मोठ्यानं सांगा,” की तो आणखी बारीक व्हायचा. पुन्हा म्हणाले की बंदच पडायचा. तारखेमागून तारीख तशीच गेली. मालकाच्या वकिलांनी सुचवलं की बाईंना सांगण्यासारखं काही नाही असंच समजावं.

साहेब घरी येऊन चडफडले. तक्रार बायकोकडे करत होते, पण ती गल्लीलाही कळली असणार. बायको काच पुसत होती. ती म्हणाली, “अहो, तुम्ही नुसतं विचारलंत तरी माणसाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. एकदा न विचारता बसून बघा ना.”

पुढच्या तारखेला बाई पिंजऱ्यात आली. साहेबांनी पेन ठेवलं, हात टेबलाखाली घेतले आणि बसून राहिले. कोर्टात चुळबुळ सुरू झाली. मालकाचे वकील दोनदा खाकरले. साहेबांच्या गळ्याशी प्रश्न आला होता तो त्यांनी गिळला. असा घास त्यांनी पूर्वी कधी गिळला नव्हता. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, परत पाहिलं. आणि मग बोलली. रुळापुढे एक जाळी असायची. जाळीमुळे चादरी हळू जातात म्हणून ती काढून ठेवायला लावली होती. दाराच्या मागच्या खिळ्याला ती टांगलेली असते, तपासणीला कुणी येणार असलं की लावतात. ती हे इतक्या हळू सांगत होती की टायपिस्टनं यंत्राला हात लावला नाही, नुसता कान दिला. नंतर मुकादमाला पिंजऱ्यात उभं केलं तेव्हा त्याला जाळीबद्दल नाही म्हणता येईना. निकाल बाईच्या बाजूनं लागला.

त्या संध्याकाळी साहेब एक शब्द न बोलता जेवले. बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप नव्हता. जगात इतकी माणसं इतक्या हळू बोलतात हे त्यांना त्या वयात नव्यानं कळलं होतं. उरलेली वर्षं त्यांनी खुर्चीत बऱ्यापैकी ऐकत काढली आणि निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात सगळी कसर भरून काढली.

निवृत्तीनंतर घरी बसणं जमणारं नव्हतं. त्यांना नव्हे, बायकोला. अशात शहरातल्या दोन राजकीय गटांची नगराध्यक्षाच्या जागेवरून हमरीतुमरी झाली. दोघांनाही एकमेकांचा माणूस नको होता. निवृत्त न्यायाधीश दिसायला शोभेचा आणि वागायला निरुपद्रवी असतो अशी दोघांचीही समजूत, म्हणून त्यांनी साहेबांना उभं केलं आणि साहेब निवडून आले.

नगरपालिकेतल्या त्यांच्या खोलीला दोन दारं होती. एक पुढचं, पाणीपट्टी भरणाऱ्यांच्या रांगेकडे उघडणारं. दुसरं मागचं, गोदामाच्या बोळातून येणारं. ते कुणासाठी होतं हे सांगायला नको. पहिल्याच महिन्यात गटारांचे पाइप पुरवणारा एक कंत्राटदार मागच्या दारानं आला, खुर्ची जवळ ओढली आणि साहेबांच्या कानाशी बराच वेळ बोलला. साहेबांना न्यायाधीशाची सवय. आपल्याला नीट कळलं ना याची ते खात्री करून घ्यायचे.

“म्हणजे पाइप पातळ घालायचे आणि बिल जाडाचं लावायचं, असं म्हणताय ना तुम्ही?”

रांग एका झटक्यात शांत झाली. कंत्राटदार गडबडून नेमका पुढच्या दारानं बाहेर पडला आणि त्याला त्या सगळ्या रांगेसमोरून जावं लागलं. रांगेतल्या एका बाईंनी त्याला वाट करून देताना विचारलं की पातळ म्हणजे नक्की किती पातळ. त्यानंतर मागच्या दारानं येणारे थांबले. शिपायानं तिथं झाडू आणि बादल्या ठेवायला सुरुवात केली.

लोकांनी सत्कार केला. सत्कारात एकामागून एक वक्ते साहेबांच्या प्रामाणिकपणावर बोलले.  परतताना चौक ओलांडल्यावर साहेब बायकोला म्हणाले, “मी प्रामाणिक आहे, की मला नुसतं हळू बोलता येत नाही?”

बायकोनं थोडा विचार केला. ती पेशानं तपासणारी होती, तोंडदेखलं बोलायची तिला सवय नव्हती. “तपासायची वेळ आलेली नाही अजून,” ती म्हणाली.

वेळ दुसऱ्या वर्षी आली. साहेबांचा आवाज बसला तो उठेना. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. गाठ साधी निघाली, कापून काढली, पण डॉक्टरांनी कित्येक आठवडे बोलणं बंद ठेवलं. घरात अशी शांतता पसरली की भिंतीतल्या नळातलं पाणी ऐकू येऊ लागलं. आयुष्यभर “हळू बोला” म्हणत आलेल्या बायकोनं त्या दिवसांत रेडिओ सतत चालू ठेवला. दवाखान्यात तिला रडताना मात्र कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिनं डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सांगितलं असतं आणि लोकांनी चष्मेवाल्या बाईंवर विश्वास ठेवला असता.

बोलायची परवानगी मिळाली तेव्हा साहेबांच्या गळ्यातून जे निघालं ते हवेसारखं होतं. डॉक्टर म्हणाले, याहून जास्त आता बहुधा येणार नाही. भोंग्याचा कुजबुजणारा माणूस झाला होता.

साहेब कामावर परत आले तेव्हा नगरपालिकेत रस्तारुंदीचा विषय चालू होता. वखारीसमोरचा रस्ता दुप्पट होणार होता. इंजिनिअरांच्या नकाशावरची रेघ वखारीच्या पुढच्या अंगातून जात होती, नेमकी करवतीवरून. धाकटा भाऊ एका दुपारी साहेबांच्या घरी आला. वडिलांच्या मागं वखार त्यानंच चालवली होती, केसांत भुसा घेऊनच तो म्हातारा झाला होता. त्यानं दादाकडे आजवर काही मागितलं नव्हतं. दादाकडे मागायचं म्हणजे सगळ्या गावाच्या कानावर घालायचं.

“दादा, रेघ थोडी पलीकडं गेली तर तिकडं सायकलवाला आहे, टायपिंगचा क्लास आहे. त्यांना कुठंही जागा मिळेल. मी करवत कुठं नेऊ?” तो म्हणाला. “तू नुसता शब्द टाक.”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. बायको दुकानात होती. ते भावाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “बघतो. होईल.”

कुणीही ऐकलं नाही. शेजारच्या खिडकीतलं मांजरसुद्धा हललं नाही. साहेबांना, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. इतकी वर्षं सगळं जग जे सुख उपभोगत होतं ते त्यांना आज मिळालं होतं. संध्याकाळी बायकोनं विचारलं, भावजी कशाला आले होते? साहेब म्हणाले, असंच. जुन्या आवाजात हे “असंच” टिकलं नसतं. बायकोनं त्यांच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं आणि ती भाजी चिरायला गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी इंजिनिअरांना बोलावलं, दार लावून घेतलं आणि नकाशावर बोट ठेवून दोन वाक्यं कुजबुजले. ती दोन वाक्यं त्यांनी रात्रभर रचली होती. समजावून सांगावं लागेल, कारणं द्यावी लागतील असं त्यांना वाटलं होतं. इंजिनिअरांनी कारण विचारलंच नाही. “होऊन जाईल साहेब,” एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. बऱ्याच दिवसांनी घरचं माणूस भेटल्यासारखा त्यांचा चेहरा सैल पडला होता.

आठवड्याभरात नवा नकाशा तयार झाला. साहेब टेबलाशी बसले होते आणि मागच्या दाराशी काहीतरी खडखडलं. त्यांनी मान वळवली. इंजिनिअर झाडू बाजूला करत होते, बादल्या एकीवर एक रचत होते. मग वाट मोकळी झाल्यावर पँट झटकून, बगलेत नकाशाची गुंडाळी घेऊन, हसत आत आले.

साहेबांनी नकाशा ठेवून घेतला. इंजिनिअर गेल्यावर ते बराच वेळ त्या बादल्यांकडे पाहत बसले. शिपाई चहा घेऊन आला, त्यानंही बादल्यांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि कप ठेवून गेला. 

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिला जवळ सरकून ऐकावं लागलं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, “आली बघ तपासायची वेळ. नंबर वाईट निघाला.”

“अजून सभा व्हायचीय ना,” ती म्हणाली.

सभागृहात नेहमीचा गोंधळ होता. विषय पुकारला गेला तेव्हा साहेब उठून उभे राहिले आणि माइकजवळ तोंड नेऊन बोलू लागले. माइक नगरपालिकेचा, तो साहेबांच्या जुन्या आवाजाच्या भरवशावर ते आल्यापासून दुरुस्त न केलेला. पहिलं वाक्य कुणालाच कळलं नाही. मग पुढच्या रांगेनं मागच्यांना गप्प केलं, मागच्यांनी दारातल्यांना, आणि हळूहळू सगळं सभागृह पुढे वाकलं. फक्त एक वयस्कर सभासद, ज्यांना कमी ऐकू यायचं, मोठ्यानं विचारत राहिले, काय म्हणतायत, काय म्हणतायत? त्यांच्या शेजारचा तरुण सभासद मदतीला धावला.

साहेब म्हणाले, “वखार माझ्या भावाची आहे.”

“वखार त्यांच्या भावाची आहे,” तरुण सभासद ओरडला.

“रेघ मी हलवायला सांगितली.”

“रेघ यांनीच हलवायला सांगितली,” तो ओरडला, आणि आपण काय ओरडलो हे कळून खाली बसला. वयस्कर सभासदांनी त्याला परत उभं केलं. म्हणाले, थांबतोस काय, पुढचं सांग.

पुढचं इतकंच होतं की, मूळ रेघ परत घ्यावी, रस्त्याचा निर्णय सभेनं करावा आणि त्या वेळी साहेब सभागृहाबाहेर बसतील. ते बाहेर जाऊन पाणीपट्टीच्या बाकावर बसले.  

सभेनं मूळ रेघ कायम केली. पुढच्या बैठकीत साहेबांच्या निषेधाचा ठराव आला. अध्यक्ष म्हणून तो वाचून दाखवायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी प्रामाणिकपणे वाचला, कुणाला काही ऐकू आलं नाही, शेवटी उपाध्यक्षांना तो पुन्हा वाचावा लागला. ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला. साहेबांनी मुदत पूर्ण केली आणि पुन्हा उभे राहिले नाहीत. कुणी उभं करायलाही आलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

इंजिनिअरांनी त्यानंतर साहेबांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. धाकट्यानं तेवढंही ठेवलं नाही. साहेब वखारीत गेले की तो करवत चालू करायचा. करवत मागच्या शेडमध्ये हलवली गेली, पुढची भिंत पडली, रस्ता झाला, तरी अबोला तसाच. शेवटी साहेबांच्या बायकोनं दिराला दुकानात बोलावून घेतलं, चष्म्याचा नंबर बदललाय का बघते म्हणून, आणि आतल्या खोलीत साहेब बसलेले होते.

धाकटा पाठ फिरवून निघाला नाही. पण बसलाही नाही. उभ्यानंच म्हणाला, “तू नाही म्हणाला असतास ना दादा, तर मी चार दिवस शिव्या दिल्या असत्या आणि आलो असतो. तू होईल म्हणालास. मी कामगारांना सांगून टाकलं. त्यांनी घरी सांगितलं. तुझी आजवरची एवढी बडबड ऐकली, आणि जे एक वाक्य हळू बोललास तेच खोटं निघालं.”

  साहेब म्हणाले, “चुकलो.” मग, वकीलच शेवटी, त्यांनी विचारलं, “भरपाईचा अर्ज केलास का? जमिनीचं देतील, पण करवत हलवायचा खर्च वेगळा मागावा लागतो.”

धाकट्यानं केला नव्हता. तो खुर्ची ओढून बसला.

चष्म्याच्या दुकानामागच्या त्या खोलीतच साहेबांचं नवं ऑफिस सुरू झालं. निवृत्त न्यायाधीशानं कोर्टात उभं राहायचं नव्हतं आणि राहिले असते तरी कोर्टाला काय ऐकू येणार. पण सल्ला द्यायला, अर्ज लिहून द्यायला हरकत नव्हती. भावाचा अर्ज त्यांनी हातानं लिहिला. दोघांत त्यावरून रोज वाद व्हायचे. पाया खोदायचा खर्च धरायचा की नाही, बंद राहिलेल्या दिवसांचं काय. धाकटा आवाज चढवायचा, साहेब कागदावर बोट आपटायचे, आणि बाहेर काउंटरवरून बायको सांगायची की गिऱ्हाइकाला अक्षरं वाचता येत नाहीयेत, जरा थांबा.

भरपाई मंजूर झाली. धाकट्यानं धरली होती त्याहून कमी, साहेबांनी सांगितली होती त्याहून जास्त. धाकट्यानं त्यातून शेडला पत्रे घातले. आता कुणी विचारलं तर तो सांगतो की दावा मुळातच पक्का होता म्हणून मिळालं. वकील साधारणच होता.